निरोप दारापर्यंत की गाभाऱ्यापर्यंत? यकृत, संप्रेरके आणि जनुकांच्या शोधाचा इतिहास

१/ २०२१ चा उन्हाळा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातील डॉक्टरांपुढे दुहेरी पेच उभा होता. प्राणवायूवर असलेल्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने कमी होतात, हे ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्येच दाखवले होते. पण तेच औषध रक्तातील साखर वाढवत होते आणि अनियंत्रित साखर असलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिस ही काळी बुरशी गाठत होती. या आजाराचे सर्वाधिक रुग्ण नोंदवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता.

२/ फुप्फुसांसाठी दिलेले औषध साखर का वाढवते? उत्तराचा मोठा भाग यकृताच्या पेशींमध्ये, त्यांच्या जनुकांमध्ये दडलेला आहे. ते उत्तर हाती यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. वाटेत एक मूलभूत प्रश्न उभा राहिला: शरीराचे निरोपे, म्हणजे संप्रेरके, पेशीच्या दारातूनच निरोप देतात की थेट गाभाऱ्यात, केंद्रकात, शिरतात? हा धागा त्या प्रश्नाचा.

३/ सुरुवात पॅरिसमध्ये, १८४८ साली. त्या काळी मान्यता अशी होती की साखर तयार करणे हे वनस्पतींचे काम. प्राणी ती फक्त खातात आणि जाळतात. क्लोद बर्नार या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कुत्र्यांना केवळ मांस खाऊ घातले आणि यकृतातून बाहेर पडणारे रक्त तपासले. त्यात साखर होती. आहारात साखर नसताना ती आली कोठून?

४/ बर्नार प्रत्येक मोजणी लागोपाठ दोनदा करत. एके दिवशी वेळ अपुरा पडला म्हणून एकाच यकृताची दुसरी मोजणी त्यांनी दुसऱ्या दिवसावर ढकलली. दुसऱ्या दिवशी आकडा वाढलेला निघाला! मृत प्राण्याच्या यकृतात साखर रात्रीतून वाढली होती. एखाद्याने ही चूक समजून सोडून दिली असती. बर्नारांनी तिचा पाठलाग केला.

५/ १८५५ मध्ये त्यांनी यकृताच्या रक्तवाहिन्यांतून पाणी सोडून सगळी साखर धुऊन काढली. काही तासांनी तपासले, तर साखर पुन्हा हजर. याचा अर्थ यकृतात साखरेचा दुसऱ्या रूपातील साठा होता. १८५७ मध्ये तो पदार्थ त्यांनी वेगळा केला. त्याचे नाव ग्लायकोजेन. यकृत हे शरीराचे कोठार ठरले. पण कोठाराला कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे तरी असते. ती कोणाकडे होती?

६/ किल्ल्या एकेक करून सापडत गेल्या. १९०१ मध्ये जोकिची ताकामिने यांनी ॲड्रिनॅलिन शुद्ध रूपात वेगळे केल्याचे जाहीर केले. १९०५ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी रक्तातून फिरणाऱ्या अशा रासायनिक दूतांना ‘हॉर्मोन’ हे नाव दिले. १९२१-२२ मध्ये टोरोंटोत इन्सुलिन हाती आले आणि मधुमेही मुले मृत्यूच्या दारातून परतू लागली. १९२३ मध्ये साखर वाढवणाऱ्या ग्लुकॅगॉनचे नामकरण झाले.

७/ म्हणजे १९२३ पर्यंत मुख्य पात्रे रंगमंचावर होती. ग्लुकॅगॉन आणि ॲड्रिनॅलिन साखर वाढवतात, इन्सुलिन ती उतरवते. परिणाम ठाऊक होता. यंत्रणा मात्र पूर्ण अंधारात होती. संप्रेरकाचा सूक्ष्म अंश यकृतापर्यंत पोहोचतो आणि ग्लायकोजेनचा साठा विरघळू लागतो. मधे नेमके काय घडते?

८/ या अंधारात पहिला दिवा लावला कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने. दोघेही १८९६ मध्ये प्राग येथे जन्मलेले, १९२२ मध्ये अमेरिकेत स्थलांतरित झालेले. ग्लायकोजेन तोडणारे विकर, म्हणजे एंझाइम, त्यांनी शोधले: फॉस्फोरिलेज. १९४७ चे नोबेल त्यांना मिळाले. विज्ञानातील नोबेल मिळवणारी गर्टी ही पहिली अमेरिकी महिला.

९/ या गौरवाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात कार्ल प्राध्यापक म्हणून रुजू झाले, तेव्हा तितक्याच तोलामोलाचे काम करणाऱ्या गर्टी यांना अल्प वेतनावर संशोधन साहाय्यकाचे पद मिळाले. पूर्ण प्राध्यापकपद त्यांना नोबेलच्याच वर्षी लाभले. तोवर त्या पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या.

१०/ कोरींच्या प्रयोगशाळेत अर्ल सदरलँड हा तरुण डॉक्टर तयार झाला. दुसऱ्या महायुद्धात लष्करात सेवा करून तो परतला आणि त्याने एकच प्रश्न धरून ठेवला: ॲड्रिनॅलिन फॉस्फोरिलेजला जागे कसे करते? तेव्हा अनेकांची समजूत अशी होती की संप्रेरकाची क्रिया अखंड, जिवंत पेशीतच घडते. पेशी फोडली की ती संपते. मग आतले पाहायचे तरी कसे?

११/ १९५३ मध्ये सदरलँड क्लीव्हलँडला गेले. तेथे थिओडोर रॉल आणि सहकाऱ्यांसह त्यांनी यकृताच्या पेशी फोडल्या आणि त्या लगद्यात संप्रेरक घातले. फॉस्फोरिलेज जागे झाले! समजूत मोडली. मग त्यांनी लगदा वेगाने फिरवून त्यातील जड कण, म्हणजे पेशीपटलाचे तुकडे, वेगळे काढले. उरलेल्या द्रवात फॉस्फोरिलेज होते, संप्रेरकही घातले, पण आता काहीच घडेना.

१२/ पुढची पायरी या इतिहासातील सर्वांत देखणी. संप्रेरक फक्त त्या जड कणांना दिले गेले. मग ते मिश्रण उकळून घेतले आणि त्यातील निवळ द्रव फॉस्फोरिलेज असलेल्या भागात ओतला. फॉस्फोरिलेज जागे झाले. म्हणजे संप्रेरक दारात थांबले होते आणि दाराने आत दुसराच निरोप्या पाठवला होता. हा निरोप्या उकळूनही नष्ट होत नव्हता, म्हणजे तो प्रथिन नव्हता. हे निष्कर्ष १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले.

१३/ हा निरोप्या कोण? येथे योगायोग धावून आला. डेव्हिड लिपकिन हे रसायनशास्त्रज्ञ वेगळ्याच कामात एका अपरिचित संयुगापाशी अडखळले होते. सदरलँड आणि लिपकिन या दोघांनीही लिऑन हेपेल यांना पत्रे लिहिली. दोन्ही पत्रांतील वर्णन एकाच पदार्थाचे आहे, हे हेपेल यांच्या लक्षात आले आणि त्यांनी दोघांची गाठ घालून दिली. पदार्थ होता चक्रीय एएमपी.

१४/ सदरलँड यांनी मांडलेले चित्र असे: संप्रेरक हा पहिला दूत, तो दारात थांबतो, चक्रीय एएमपी हा दुसरा दूत, तो आतील कामे करवून घेतो. यातील मधला दुवा पुढे मार्टिन रॉडबेल यांनी उंदराच्या यकृताच्या पेशीपटलावर ग्लुकॅगॉनचे प्रयोग करून उलगडायला घेतला. तोच जी-प्रथिनांच्या शोधाकडे घेऊन गेला. सदरलँड यांना १९७१ चे नोबेल एकट्याला मिळाले.

१५/ येथे कथा संपायला हरकत नव्हती. पण त्याच काळात जर्मनीतून पूर्णपणे वेगळे उत्तर आले होते. १९६० मध्ये उलरिच क्लेव्हर आणि पेटर कार्लसन यांनी चिलटासारख्या एका कीटकाच्या अळीला एक्डायसोन हे संप्रेरक टोचले. या अळीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रे इतकी जाड असतात की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतात. संप्रेरक दिल्यावर त्या गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगे आले.

१६/ फुगा म्हणजे काम करू लागलेले जनुक. कार्लसन यांनी धाडसी निष्कर्ष काढला: संप्रेरके जनुकांना जागे करतात. एकीकडे सदरलँड म्हणत होते की संप्रेरक दारातच थांबते आणि आधीपासून तयार असलेल्या विकरांना कामाला लावते. दुसरीकडे कार्लसन सांगत होते की संप्रेरकाचा निरोप गाभाऱ्यापर्यंत जातो आणि नवी विकरे घडवतो. दोघांकडेही पुरावा होता. मग खरे काय? कीटकाच्या लाळग्रंथीवरून सस्तन प्राण्यांचा निवाडा होणार नव्हता. तो पुन्हा यकृतातच व्हायचा होता.

१७/ १९५७ मध्ये लिन आणि नॉक्स यांना दिसले की उंदरांना कॉर्टिसोनसारखे स्टेरॉइड दिले की यकृतात टायरोसीन ट्रान्सअमिनेज हे विकर काही तासांत वाढते. पण ‘वाढते’ म्हणजे काय? झोपलेले विकर जागे होते, की नवे तयार होते? १९६२ मध्ये एफ. टी. केनी यांनी किरणोत्सारी अमिनो आम्ल आणि त्या विकराला नेमके पकडणारे प्रतिपिंड वापरून दाखवले की ते नव्याने घडते.

१८/ त्याच वर्षी ओल्गा ग्रीनगार्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांना ॲक्टिनोमायसिन दिले. हे द्रव्य जनुकावरून आरएनएची प्रत काढण्याचे काम थांबवते. ते दिल्यावर संप्रेरकाने यकृतातील विकरांची वाढ होईना. म्हणजे निरोप जनुकांपर्यंत जात होता. निदान त्याच्या पूर्ततेसाठी जनुकाची नवी प्रत लागत होती. कार्लसन यांचे पारडे जड होऊ लागले.

१९/ या टप्प्यावर एक नाव मुंबईचे आहे. १९३० मध्ये मुंबईत जन्मलेले जमशेद टाटा लंडनमध्ये मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत अवटु ग्रंथीच्या संप्रेरकावर काम करत होते. हे संप्रेरक देऊन शरीराचा चयापचय वाढायला बराच वेळ लागतो. हा विलंब का, हा त्यांचा प्रश्न होता. १९६३ मध्ये त्यांनी दाखवले की ॲक्टिनोमायसिन दिले तर ही वाढ होतच नाही.

२०/ १९६६ मध्ये टाटा आणि विडनेल यांनी उंदराच्या यकृतात घटनांचा क्रम लावला: संप्रेरकानंतर आधी केंद्रकात आरएनए वाढतो, प्रथिने मागाहून. पुढे टाटांनी झेनोपस बेडकाचे यकृत निवडले. मादीचे यकृत अंड्यातील बलकाचे प्रथिन बनवते. नराचे कधीच नाही. नराला इस्ट्रोजेन दिले की त्याचेही यकृत ते बनवू लागते. जनुक नरातही होते, फक्त मुके होते. संप्रेरकाने त्याला वाचा दिली.

२१/ आता उरला प्रश्न वाटेचा. १९६६ मध्ये गॉर्डन टॉमकिन्स आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या यकृताच्या कर्करोगातून काचपात्रात वाढणाऱ्या पेशी तयार केल्या. स्टेरॉइड दिले की त्याही टायरोसीन ट्रान्सअमिनेज बनवत. त्यांनी वापरलेले स्टेरॉइड कोणते? डेक्सामेथासोन. २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या अतिदक्षता विभागांत दिले गेले, तेच. पुढे याच पेशींत त्याला धरून ठेवणारे प्रथिन, म्हणजे ग्राही, आढळले.

२२/ स्टेरॉइडचा रेणू मेदात विरघळतो, त्यामुळे तो पेशीपटल पार करतो. आत ग्राही त्याला पकडतो, दोघे मिळून केंद्रकात जातात आणि डीएनएच्या ठरावीक जागी बसतात. १९८५ मध्ये रोनाल्ड इव्हान्स यांच्या प्रयोगशाळेने मानवी ग्राहीचे जनुक वाचले. ७७७ अमिनो आम्लांची ती साखळी निघाली. गाभाऱ्यात जाणारा दूत आता नावागावासह ओळखला गेला.

२३/ मग सदरलँड चुकले होते का? नाही. पेशीपटलापाशी थांबणाऱ्या संप्रेरकांचे त्यांनी केलेले वर्णन अचूक होते. प्रश्न इतकाच होता, की त्यांचा दुसरा दूत विकरांपाशीच थांबतो की आणखी आत जातो? १९६५ मध्ये सदरलँड यांच्याच प्रयोगशाळेत जिवाणूंमध्ये चक्रीय एएमपी आढळले, आणि काही वर्षांतच ते तेथे जनुके चालू करते हे सिद्ध झाले. यकृतातही तसेच असेल का?

२४/ निवाडा एका विकराने केला. त्याचे लघुनाम पेपसीके. उपवासात ग्लायकोजेनचे कोठार साधारण दिवसभरात रिते होते. मग यकृत अमिनो आम्ले आणि लॅक्टिक आम्ल यांपासून नवी साखर घडवते. त्या वाटेवरचा हा नाका. मर्टन अटर आणि कियोशी कुराहाशी यांनी हे विकर १९५३-५४ च्या सुमारास कोंबडीच्या यकृतात शोधले, तेही क्लीव्हलँडच्या त्याच विद्यापीठात जेथे सदरलँड नुकतेच आले होते.

२५/ या विकराचे वैशिष्ट्य असे, की फॉस्फोरिलेजसारखी त्याला चालू-बंद करणारी कळ नाही. काम वाढवायचे तर विकरच अधिक घडवावे लागते, म्हणजे जनुकाकडेच जावे लागते. १९८२ मध्ये रिचर्ड हॅन्सन यांच्या गटाने उंदराच्या यकृतात दाखवले की चक्रीय एएमपी या जनुकाच्या प्रती वाढवते. सदरलँड यांचा दुसरा दूतही अखेर गाभाऱ्यापर्यंत पोहोचला होता. १९८७ मध्ये त्याच्या वतीने डीएनएवर बसणारे क्रेब हे प्रथिन मार्क माँटमिनी यांनी ओळखले.

२६/ १९८३ मध्ये डॅरिल ग्रॅनर आणि सहकाऱ्यांनी तिसरी बाजू दाखवली: इन्सुलिन याच जनुकाचे तोंड बंद करते, आणि इतर संप्रेरके त्याला चेतवत असतानाही करते. या विकराचा आरएनए सुमारे अर्ध्या तासात निम्मा होतो, म्हणून जनुक थांबले की निरोप लवकर पुसला जातो. पुढे १९९९ च्या सुमारास इन्सुलिनची एक वाट उलगडली: ते फॉक्सो या प्रथिनाला केंद्रकाबाहेर घालवते.

२७/ म्हणजे एकाच जनुकाच्या उंबरठ्यावर तिघांची भेट होते. ग्लुकॅगॉन दारातून दुसरा दूत पाठवून म्हणते, साखर घडवा. कॉर्टिसोलसारखे स्टेरॉइड स्वतः आत येऊन म्हणते, घडवा. इन्सुलिनही दारातच थांबते, पण निरोप उलटा पाठवते: पुरे. जनुक कोणा एकाचे ऐकत नाही; सर्वांच्या आवाजांचा मेळ घालून ते वागते. दोन पक्षांची दोन उत्तरे एकाच सत्याच्या दोन वाटा होत्या.

२८/ आता पुन्हा २०२१. डेक्सामेथासोन आत शिरून फुप्फुसाच्या पेशींतील दाहाची जनुके शमवत होते. रुग्ण त्यामुळे वाचत होता. त्याच वेळी यकृतात तोच रेणू, तोच ग्राही साखर घडवणारी जनुके चेतवत होता. स्नायूही साखर कमी उचलत होते. ज्याचे इन्सुलिन आधीच दुबळे, त्या मधुमेह्याच्या यकृताला ‘पुरे’ म्हणणारे कोणी उरत नव्हते. उपकार आणि अपकार दोन्ही एकाच यंत्रणेतून येत होते.

२९/ म्हणूनच स्टेरॉइड योग्य वेळी, योग्य मात्रेत, मर्यादित दिवस द्यावे आणि साखर सतत मोजावी, गरजेप्रमाणे इन्सुलिन द्यावे, असा आग्रह तज्ज्ञांनी धरला. त्या सूचनेमागे बर्नारांची रात्रभर राहून गेलेली मोजणी होती, गर्टी कोरींची अल्प वेतनातली वर्षे होती, सदरलँड यांचा उकळलेला लगदा होता, टाटांचे उंदीर आणि बेडूक होते. यांपैकी बहुतेकांना आपले काम कोणत्या साथीत उपयोगी पडेल याची कल्पना असणे शक्य नव्हते.

३०/ विज्ञानाच्या इतिहासात ‘कोण जिंकले?’ हा प्रश्न सोपा वाटतो. यकृताचा इतिहास सांगतो की पुरावे दोन्ही बाजूंना असतील, तर कदाचित प्रश्नच अपुरा असतो. ‘दारापर्यंत की गाभाऱ्यापर्यंत?’ यातील ‘की’ काढून तेथे ‘आणि’ लिहायला पंचवीसएक वर्षे लागली. त्या एका शब्दाच्या बदलावर आज अनेकांचे उपचार उभे आहेत.

(समाप्त)